एका मिलिमीटरचे बारसे

नाशिक शहरातील निम्मी घराणी माझ्या दुकानात छापलेल्या लग्नपत्रिकांनी एकमेकांस जोडली गेली आहेत, असे मी म्हटले तर ती आत्मप्रौढी समजू नये. पत्रिका, झेरॉक्स आणि लॅमिनेशन हा माझा व्यवसाय. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' या शब्दांनंतर पुढे काय लिहावे, हे मला विचारल्याशिवाय आमच्या बाजूचा कोणताही वधूपिता पाऊल उचलत नाही. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. त्यापुढील सर्व मराठी मी पत्रिकांवरून आत्मसात केले. असे असूनही माझ्या स्वतःच्या घरची पत्रिका छापण्याचा योग मात्र येत नव्हता. आमची एकुलती एक कन्या तेजस्विनी कीटकांवर संशोधन करते, आणि विवाहाचा विषय निघाला की ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेल्या माणसाशी विवाहाची बोलणी करता येत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

त्या दिवशी जेवताना तिने स्वतः होऊन तोंड उघडले.

"बाबा, नक्की झालं. नवीनच आहे. आता नाव ठेवायचं."

माझ्या हातातील घास हातातच राहिला. त्या क्षणी माझ्या पितृहृदयात जे जे येऊन गेले, ते येथे नमूद करणे शोभणार नाही.

"फणसाखालचा भुंगेरा हो, बाबा," ती म्हणाली. "जगात अजून कोणी त्याचं वर्णन केलेलं नाही."

आमच्या मनोरथ सोसायटीच्या मागील कुंपणावर एक फणसाचे झाड आहे. ते आमचे की शेजारच्या सोसायटीचे, हा वाद इमारत बांधल्यापासून चालू असल्यामुळे त्याखालचा पालापाचोळा आजवर कोणीही झाडला नव्हता. त्या कुजक्या पाल्याच्या थरात एक भुंगेरा राहतो. त्याची लांबी एक मिलिमीटर, रंग काळ्या चहासारखा, आणि अंगाने तो थेट मुंगीसारखा. तेजस्विनीने तो आम्हांला भिंगातून दाखविला.

"मुंगीच आहे ही," माझी पत्नी साधना म्हणाली. "माझ्या साखरेच्या डब्यात बघ, अशा पन्नास निघतील."

"आई, मुंगी नाही. मुंगीसारखा दिसतो फक्त."

"मग मी मुंगीसारखाच पुसून टाकीन."

मी विद्येची बाजू घेऊन विचारले, की इतक्या लहान जिवाचे वेगळेपण सिद्ध कसे होते? चेहऱ्यावरून? तेव्हा मला असे समजले, की कीटकांच्या जगात चेहऱ्याला काडीची किंमत नाही. तेथे ओळख पटते ती नराच्या एका विशिष्ट अवयवावरून. तो अवयव कोणता हे तेजस्विनीने भर जेवणात, स्वच्छ मराठीत, हातवारे करून सांगितले. मी ताकाचा पेला खाली ठेवला. शास्त्र फार पुढे गेले आहे.

"माद्या मला बऱ्याच मिळाल्यात," ती म्हणाली, "पण नर एकच. त्या एका नरावर सगळा पेपर उभा आहे. अवयवाचं टोक बाहेर दिसतंय त्यावरून कळलं, पण तो अख्खा अजून काढायचा, त्याची चित्रं काढायची, मग तो कायमचा संग्रहालयात. म्हणजे उद्या कोणी म्हणालं, दाखवा पुरावा, तर हा पुरावा."

"आणि नाव?"

"जो वर्णन करतो तो ठेवतो. स्वतःचं ठेवायची पद्धत नाही, दुसऱ्याचं चालतं. मी तुमचं ठेवणार आहे, बाबा. लॅटिन पद्धतीनं, भिकनी."

माझे नाव भिकन आहे, ही गोष्ट वाचकांस कळू नये अशी मी आतापर्यंत काळजी घेतली होती. दुकानाच्या पाटीवरदेखील 'बी. आर. शिरसाठ' एवढेच आहे. आमच्या वणीकडे आधीची मुले जगत नसली, की पुढच्या मुलासाठी पाच घरी झबली-चिंध्या मागतात, त्याच त्याच्या अंगावर घालतात, आणि त्याचे नाव मुद्दाम हलके ठेवतात. हेतू असा, की नेणाऱ्याला वाटावे, हे मागून आणलेले पोर आहे, याला नेऊन काय करायचे. नेणाऱ्याचे समाधान होते, यात शंका नाही. परंतु त्या पोराला पुढे साठ वर्षे त्या नावाने हाक ऐकावी लागते, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. शहराशहरांतील वरवधूंची नावे सोनेरी शाईत छापणाऱ्या मनुष्याचे नाव भिकन असावे, हे दुःख कोणास सांगावे?

"मुळीच नाही," मी म्हणालो. "इतिहासात जाणारे नाव आहे. रत्नप्रभ ठेव. हिरण्यकांत ठेव."

"बाबा, तो कुजक्या पाल्यात राहतो."

"म्हणूनच!"

बाप-लेकीत यावर बराच अबोला झाला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे चेअरमन धनराजशेठ दुकानात आले. धनराजशेठांचे दिंडोरीच्या रस्त्याला द्राक्षबागांच्या औषधांचे दुकान असून किडा या विषयावर ते दुसऱ्या कोणाचे ऐकून घेत नाहीत.

"शिरसाठ, काय ऐकतोय मी? सोसायटीत कीड लागली म्हणे!"

"कीड नव्हे. नवीन प्रजाती."

"नवीन? म्हणजे औषधाला दाद देत नसेल. तुम्ही बिलकूल टेन्शन घेऊ नका. असं देतो ना, एका फवाऱ्यात त्याचा आजासुद्धा मरेल."

या भुंगेऱ्यामुळे आपल्या इमारतीचा उल्लेख जगभरच्या शास्त्रज्ञांच्या वाचनात येणार आहे, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांचा चेहरा हळूहळू पालटला.

"मग नाव सोसायटीचं द्या ना! मनोरथ कायतरी. ते जागेच्या नावाला शेवटी एन्सिस लावतात तसं."

ही संधी साधून मी त्यांच्यापुढे विनंती ठेवली. नमुना ज्या संग्रहालयात कायमचा ठेवायचा, त्याला जागेच्या मालकाचे पत्र हवे होते: हा जीव आमच्या आवारात सापडला व तो देण्यास आमची हरकत नाही. धनराजशेठ एकदम सावध झाले. वॉर्डात स्वच्छ सोसायटीची स्पर्धा चालू होती.

"असं लेखी कसं देणार? परीक्षक उद्या म्हणतील, चेअरमननेच कबूल केलंय की इथे किडे आहेत."

"पण नाव तर सोसायटीचे हवे म्हणता."

"नाव आपलं. किडा शेजारच्यांचा. असं काढा ना काहीतरी."

आणि त्यांनी लेटरहेडवर खरोखरच पत्र दिले. त्यात लिहिले होते, की मनोरथ सोसायटीच्या आवारात कोणताही कीटक आढळलेला नाही व त्यास आमची हरकत नाही.

अबोला मिटावा आणि नावाचा प्रश्न दहा माणसांत निकालात निघावा, या सद्हेतूने मी एक सोहळा योजिला. रविवारी सकाळी फणसाखाली नामकरण, नंतर अल्पोपाहार. पत्रिका मी स्वतः रचली. इतकी वर्षे लोकांच्या घरी वाहिलेली माझी प्रतिभा प्रथमच स्वगृही वाहत होती, त्यामुळे तिला बांध घालणे मला जमले नाही. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून आमची सुकन्या चि. तेजस्विनी हिच्या प्रदीर्घ तपश्चर्येतून या भूतलावर प्रथमच प्रकट झालेल्या चिमुकल्या जीवाचा नामकरण सोहळा योजिला आहे, तरी आपण सहकुटुंब उपस्थित राहून बाळास शुभाशीर्वाद द्यावेत.' कीटक हा शब्द खाली, अल्पोपाहाराच्या ओळीजवळ, लहान टाइपात आला. वर तो शोभत नव्हता. पाळण्याचे चित्र टाकून पत्रिका मी समस्त नातलगांस मोबाइलवर रवाना केली.

"अहो, हे पाठवण्याआधी वाचलं होतं का?" साधनेने विचारले.

"मी रचले आहे."

"तेच म्हणते. रचलंत. वाचलं का?"

मला हा प्रश्न मत्सरातून आला आहे असे वाटले. शनिवारी सकाळी वणीहून पहिल्या एसटीने माझी थोरली बहीण लताबाई दारात येऊन उभी राहिली, तेव्हा त्याचा उलगडा झाला. तिच्या एका हातात डिंकाच्या लाडवांचा डबा आणि दुसऱ्या हातात कुंची व टोपडे होते. डोळे सुजलेले होते.

"भिकन्या! लगीन केलं ते नाय सांगितलं, जाऊ दे. पण पोर झालं तरी नाय सांगायचं? मी काय मेले होते काय रे?"

तेवढ्यात तेजस्विनी आतून आली.

"आत्या! अगं, तू बाळ बघायला आलीस?" पत्रिका न वाचल्यामुळे ती निरागसपणे हसली. आम्हा घरातल्या सर्वांनाच त्या भुंगेऱ्यास बाळ म्हणण्याची सवय लागली होती.

"कुठं हाय ते?"

"पेटीत ठेवलंय."

लताबाई मटकन खाली बसली. "पेटीत? अगं माय! दिवस भरायच्या आधीच झालं काय गं? लय बारीक हाय?"

"हो, फारच. एक मिलिमीटर."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"डॉक्टर कशाला? स्पिरिटमध्ये मेला तो. मीच मारला."

यापुढे लताबाईने जो हंबरडा फोडला, त्याने चारही मजल्यांची दारे उघडली. खुलासा करता करता मला घाम फुटला. अखेर तिच्या डोळ्यास भिंग लावून आम्ही तो जीव दाखविला. तिने बराच वेळ पाहिले, नाक पुसले, आणि म्हणाली, "ही तं मुंगी हाय." मग घोटभर पाणी पिऊन तिने निर्णय दिला, "आता एवढी आलेच हाय तर नाव ठेवूनच जाते. पोरीची आत्या मीच ना?"

आता मी ज्या प्रसंगाकडे वळत आहे, तेथे माझी लेखणी अडखळते.

तेजस्विनीच्या कॉलेजात कसलीशी समिती येणार म्हणून प्रयोगशाळेला रंग लावणे चालू होते. त्यामुळे नमुन्यांची पेटी तिने घरी आणली होती. तो एकुलता एक नर पुठ्ठ्याच्या नखाएवढ्या त्रिकोणाच्या टोकाला गोंदाने चिकटवलेला होता, त्रिकोणातून टाचणी गेली होती, आणि टाचणीखाली स्थळ व दिनांकाची बारीक चिठ्ठी. मला रविवारची काळजी लागली. मंडळी त्यास हाताळणार, लहान मुले फुंकर मारणार, कोणाच्या हाताला लाडवाचे तूप असणार. मौल्यवान वस्तूचे संरक्षण कसे करावे, हे ज्ञान या घरात एका मनुष्यास व्यवसायाने होते. त्याच दुपारी मी पेटी दुकानात नेली. टाचणी अलगद काढली, त्रिकोण आणि चिठ्ठी नक्षीदार कागदावर सुबक मांडली, खाली सुवाच्य अक्षरांत 'नवजात' असे लिहिले, आणि सर्व काही चांगल्या जाड प्लॅस्टिकमध्ये घालून लॅमिनेट केले.

मशीनमधून ते बाहेर आले तेव्हा एक अतिसूक्ष्म आवाज झाला. मी तो मशीनचा समजलो.

घरी येऊन मी ते तेजस्विनीच्या हाती ठेवले. ती ओरडली असती तर बरे झाले असते. तिने ते उजेडाकडे धरले, भिंग लावले, भिंग खाली ठेवले आणि सोफ्यावर बसली.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "नर एकच होता."

"बुरशी लागणार नाही आता," मी म्हणालो. ते वाक्य आजही मला झोपेत ऐकू येते.

"ह्यांनी माझी कुंडली लॅमिनेट केली," साधना बोलू लागली, "मामंजींचा फोटो केला, वाळलेलं बेलाचं पान केलं. म्हटलं, असू दे, हौस आहे. आता लेकीचं सगळं काम दाबून सपाट केलं. मीच कशी राहिले म्हणते मी!"

मी माझ्या प्रतिष्ठेचे अवशेष गोळा केले व म्हणालो, "चला. फणसाखाली दुसरा नर असेल. बापाने हरवला, बापच शोधेल."

आम्ही चौघे मागे गेलो आणि जागीच थबकलो. फणसाखाली पान म्हणून नव्हते. लालपिवळे पेव्हर ब्लॉक बसवले होते, मध्ये रांगोळी होती, आणि बुंध्याला गेरू लावलेला होता. धनराजशेठ कमरेवर हात ठेवून उभे होते.

"कसं वाटलं? सरप्राइज! म्हटलं, बाळाचं बारसं आणि कचऱ्यात? शोभतं का? शेजारच्यांशी भांडून केलं सगळं."

तेजस्विनी खाली वाकून ब्लॉकच्या फटीत पाहू लागली. मी क्षीण स्वरात विचारले, "पाला?"

"निम्मा घंटागाडीत. बाकीचा गोण्या भरून वाटला, ज्यांना कुंड्यांना पाहिजे त्यांना. स्पर्धेत त्याचे मार्क आहेत ना."

तेव्हा लताबाई पुढे झाली. घरात जाऊन तिने पोळ्यांची टोपली रिकामी करून आणली, डोक्यावर पदर घेतला, आणि म्हणाली, "चला. मागून आणू."

वाचकहो, ज्या इमारतीत माझ्या हातच्या पत्रिका प्रत्येक भिंतीवर लटकल्या आहेत, तिच्यात मी बहिणीच्या मागे टोपली घेऊन दारोदार फिरलो. लताबाई बेल वाजवीत नसे, ती दारात उभी राहून सरळ हाळी देई, "पाला वाढा, माय!" तळमजल्यावरच्या आजींनी सवयीने पसाभर तांदूळ घातले. तेजस्विनीने ते परत करून त्यांच्या तुळशीखालचा पाला मागून घेतला. सुनील नावाच्या गृहस्थांनी 'असे किडे आजकाल ऑनलाइन मिळतात, तुम्ही उगाच त्रास घेता,' असा सल्ला देत गोणीचा तळ झटकून दिला. तिसऱ्या मजल्यावर दीपमाला वहिनी दाराला साखळी लावूनच बोलल्या.

"पाला? आणि बारशाला? बाळाला काही बाधा झालीये का?"

"बाळ गेलं," लताबाई म्हणाली. "दुसरं शोधतोय."

दीपमाला वहिनींनी अख्खी कुंडीच हवाली केली आणि दार लावून घेतले.

चौथे घर एका पेन्शनरांचे. त्यांनी पाला दिला, परंतु त्याची पोच माझ्याकडून सहीनिशी घेतली. पाचवे घर धनराजशेठांचे. त्यांच्या गॅलरीत मोगऱ्याला पाला घातलेला होता. मी जड मनाने विचारले, "फवारणी झाली असेल?"

"करणारच होतो," ते म्हणाले, "पण हिने पंप लपवला. म्हणते, मोगरा देवाला वाहते, विषारी फूल वाहू का?"

प्रत्येक घरचा पाला वेगळा ठेवून तेजस्विनीने त्यावर घराचे नाव टाकले. साधनेची पिठाची चाळणी, तेलाची नरसाळी आणि दिवाळीच्या माळेचे दिवे यांची तिने ओट्यावर मांडणी केली: नरसाळ्यात पाला, वर दिवा, खाली स्पिरिटची वाटी. वरच्या उबेला कंटाळून जीव खाली खाली सरकतात आणि शेवटी वाटीत पडतात. "ही चाळणी आता पुन्हा पिठात आणायची नाही," एवढेच साधना म्हणाली. हे वाक्य तिच्या मोठेपणाचे द्योतक आहे.

रविवार उजाडला आणि पाहुणे येऊ लागले. ज्यांनी पत्रिका पूर्ण वाचली नव्हती ते झबली घेऊन आले. ज्यांनी वाचली होती ते माझ्याकडे पाहून हळहळत होते. आतल्या खोलीत तेजस्विनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. आजींच्या पाल्यातून गोगलगाई निघाल्या, सुनीलरावांच्या पाल्यातून चहाचा गाळ, दीपमाला वहिनींच्या कुंडीतून दोन माद्या, पेन्शनरांकडून काहीच नाही. मी दारात उभा होतो. आयुष्यात प्रथमच मला ती सूक्ष्मदर्शकाची नळी शत्रू वाटली नाही. तिने आणखी एवढेसे पाहावे आणि काहीतरी दिसावे, असे मी वणीच्या आईला मनोमन विनवीत होतो.

तेजस्विनीचा खांदा हलला.

"नर," ती म्हणाली. मग वळून माझ्याकडे बघत मोठ्याने ओरडली, "बाबा, नर! धनराजकाकांच्या मोगऱ्यातला!"

ही वार्ता प्रथम मी धनराजशेठांच्या कानी घातली. नियमाप्रमाणे 'चेअरमन यांच्या गॅलरीत आढळला' असे छापावे लागेल, हे सांगताच त्यांनी उभ्या उभ्या नवे पत्र दिले: सदर कीटक सोसायटीच्या आवारात फणसाखालच्या पाल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत असून तो पाला वाटपामुळे आमच्याकडे आला, सोसायटीस त्याचा अभिमान आहे, व हरकत नाही.

पाळण्याच्या जागी स्पिरिटची छोटी बाटली लाडवाच्या डब्यावर ठेवली गेली. आता नाव. धनराजशेठ 'मनोरथ' म्हणाले. मी खिशातून माझी यादी काढली. तीत रत्नप्रभ, हिरण्यकांत आणि आणखी काही उत्तम नावे होती.

"थांब रे," लताबाई म्हणाली. "आधीचा गेला का नाय?"

"गेला," मी मान खाली घातली.

"हा पाच घरी मागून आणला का नाय?"

मी हातातली यादी सरळ केली.

"मंग अशा पोराचं नाव काय ठेवतात, तुला माहीत नाय?" ती माझ्याकडेच बघत होती. "तुझ्या वरचे दोन गेले तेव्हा मी एवढीशी होते. तू झालास तं मायनं माझ्या डोक्यावर टोपली दिली, म्हणली, जा, मागून आण. काल फिरले ना, तशीच फिरले. कोणी झबलं दिलं, कोणी लुगड्याचा तुकडा. घरी येईस्तोवर मला वाटत होतं, पोहोचते तं हा पण गेला असंल. आले तं तू रडत होतास. लय रडत होतास, भिकन. तुला ते नाव वंगाळ वाटतं. मला तं बाई कधी नाय वाटलं."

मला साठ वर्षांत हे कोणी सांगितले नव्हते. मी यादीची घडी केली. खिसा कोठे आहे हे मला लवकर सापडेना.

लताबाई बाटलीवर वाकली. "कान कुठं गं याचा?"

"याला कान नसतात, आत्या," तेजस्विनी डोळे पुसत म्हणाली.

"नसू दे. ऐकतो तो." आणि तिने बाटलीच्या बुचाशी ओठ नेऊन 'कुर्रर्र' केले व माझे नाव घेतले. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपके घातले. सर्वांत मोठा धपका धनराजशेठांनी घातला. पुरुषांनी घालावयाचा नसतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

पुढे यथावकाश पेपर छापून आला. तेजस्विनी तो दुकानात घेऊन आली. वर नवी पाटी लावण्याचे काम चालू होते, 'भिकन रामभाऊ शिरसाठ' अशी, पूर्ण. पहिल्या पानावर भुंगेऱ्याचे भव्य चित्र होते आणि त्याखाली तिरक्या अक्षरांत आमचे नाव.

"बाबा," ती म्हणाली, "एवढं पान लॅमिनेट करून द्या."

मी मशीन तापू दिले. मग ते पान उजेडासमोर धरले, उलटसुलट केले, भिंग लावून कडा तपासल्या आणि एकदा हलकेच झटकून पाहिले. त्यावर कोणीही बसलेले नव्हते. तेव्हाच ते आत सोडले.